गळ, गांडूळ आणि जिताडा

वेसवीच्या धक्क्यावर बागमांडल्याच्या फेरीबोटीची वाट पाहत तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर खाडीच्या कडेला उकिडवा बसलेला एखादा म्हातारा तुमच्या नजरेस पडला असेल. हातात काठी नाही, काही नाही. लाकडाच्या एका तुकड्याला गुंडाळलेली दोरी, तिचे टोक पाण्यात, आणि दोरी तर्जनीवरून गेलेली. तासभर तो हलत नाही. आपल्याला वाटते, बसल्या बसल्या डुलकी लागली असावी. पण त्याचे सगळे लक्ष त्या एका बोटात असते, बरं का! पाण्याखाली दोन पुरुष खोलीवर मासा आमिषाला नुसते नाक लावून गेला, तरी ते त्या बोटाला कळते.

अलीकडे त्याच धक्क्यावर दुसराही एक माणूस दिसू लागला आहे. हा मुंबई-पुण्याकडचा तरुण, सुट्टीत गावी आलेला. हातात चकचकीत लवचिक काठी, तिला फिरकी, आणि कमरेच्या पिशवीत एक डबी. डबी उघडली की आत रबरासारखी मऊ, बोटाएवढी गांडुळे, काही हिरवी, काही जांभळी, काहींत चमकी घातलेली. मुले भोवती गोळा होतात. म्हातारा मात्र एकदा तिकडे पाहतो आणि पुन्हा आपल्या दोरीकडे वळतो.

या दोघांना शेजारी शेजारी पाहिले की आपण चटकन म्हणतो, हा जुना आणि तो नवा, हा देशी आणि तो विलायती. पण या विद्येचा इतिहास पाहू लागलो की हा हिशेब इतका सरळ राहत नाही. तोच इतिहास थोडक्यात सांगायचा आहे.

आधी नदीविषयी. मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. त्याच्या उत्तर सीमेवरून सावित्री वाहते. ती महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून येते, म्हाप्रळपाशी चांगली रुंदावते आणि दक्षिणेला बाणकोट व उत्तरेला हरिहरेश्वर अशी दोन टोके ठेवून समुद्राला मिळते. दक्षिणेकडून भारजा नदी तालुक्याचे पाणी घेऊन केळशीकडे जाते. गोडे पाणी आणि खारे पाणी जिथे रोज दोनदा मिसळते, तिथे काठाला तिवरे आणि कांदळे वाढतात, आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, बोय, खेकडे यांची पिले वाढतात. जिथे पिले तिथे त्यांना खाणारा आलाच. आपल्या खाडीत हा मान जिताड्याचा. कोणी त्याला खजुरा म्हणतात. इंग्रज त्याला समुद्रातला 'बास' म्हणत असे.

अमेरिकेत ज्याला 'बास' म्हणतात तो मासा अगदी निराळा. तो गोड्या तळ्यातला, निराळ्या कुळातला, आणि आकाराने जिताड्यापुढे पोर. आपला जिताडा साठ किलोपर्यंत वाढू शकतो. दोघांत साम्य आहे ते स्वभावाचे. दोघेही पाठलाग करून शिकार करणारे नव्हेत. सावलीत दबा धरायचा, भक्ष्य जवळ आले की प्रचंड जबडा एकदम उघडायचा आणि पाण्यासकट ते आत ओढून घ्यायचे, ही त्यांची रीत. रात्री कांदळाखाली 'भप्प' असा आवाज झाला की जाणता माणूस म्हणतो, जिताड्याने कोळंबी घेतली.

आता अशा माशाला गळावर आणायचे कसे? इथे बळ चालत नाही. तो काय खातो, केव्हा खातो, कशाला बिचकतो हे ठाऊक असावे लागते. आणि हे ज्ञान लिहून ठेवण्याची बुद्धी आपल्याकडे फार पूर्वी एका राजाला झाली होती.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर. महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. त्याने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शिक्षकांना हे नाव परिचयाचे असेल, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात हा उल्लेख याच ग्रंथात आहे आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो नेहमी सांगितला जातो. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, तिकडे आपले लक्ष क्वचित जाते. शंभर प्रकरणांचा हा ग्रंथ. त्यात राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, हत्तींची परीक्षा, रत्नांची परीक्षा, स्वयंपाक, संगीत, असे सारे आले आहे. आणि त्यातच राजाने मासे गळाने कसे धरावेत तेही आले आहे.

मौज पाहा. राजाच्या पदरी माणसे काय थोडी होती? जाळी टाकली असती तर गाडाभर मासे काठावर आले असते. पण सोमेश्वर याला विनोद म्हणतो, म्हणजे मन रमवणे. तो सुमारे पस्तीस जातींचे मासे सांगतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, खवल्यांवाचून कोणते, अशी वाटणी करतो. कोणत्या जातीला कसले खाणे रुचते ते सांगतो. एका ठराविक जागी रोज खाणे टाकून माशांना त्या जागेची सवय लावावी, मग गळ टाकावा, अशी त्याची शिकवण आहे. दोरी आणि काठी कशी असावी याचाही विचार त्याने सोडलेला नाही. एकोणिसशे पन्नासच्या सुमारास प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून १९५१ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे मत्स्यशास्त्राच्या जगाला या राजाची ओळख झाली. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे. आपला राजा त्याच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा.

अर्थात, वेसवीच्या म्हाताऱ्याने मानसोल्लास वाचलेला नाही, आणि त्याच्या पणजोबानेही नव्हता. भोई, कोळी, खारवी, दालदी अशा लोकांनी ही विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात दिली. मला तर वाटते, राजाने जे लिहिले तेही अशाच कोणा माणसाला नदीकाठी शेजारी बसवून, विचारून लिहिले असले पाहिजे. कारण 'आधी खाऊ घाल, मग गळ टाक' ही युक्ती राजवाड्यात सुचणारी नव्हे.

गळाचे सामान फार बदलत गेले. गळ लोहाराकडचा, त्याला उलटा काटा. दोरी तागाची नाही तर सुताची. ती पाण्यात कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायची, की तिला तांबूस काळा रंग चढे आणि ती टिके. जाळ्यांनाही हाच उपाय. पण अशी दोरी जाड. स्वच्छ पाण्यात ती माशाला दिसते आणि शहाणा मासा दुरूनच परत फिरतो. म्हणून जुने लोक गढूळ पाणी किंवा अंधारी रात्र पसंत करीत. स्वातंत्र्यानंतर नायलॉनची दोरी आली, आणि खाडीच्या माणसाला पहिल्यांदाच केसासारखी बारीक, पाण्यात न दिसणारी आणि तरीही न तुटणारी दोरी मिळाली. माझ्या मते काठी-फिरकीपेक्षा हा फरक मोठा होता. एवढी मोठी क्रांती झाली, आणि तिची कोणी नोंदसुद्धा घेतली नाही!

आमिषाचे शास्त्र मात्र तेच राहिले. पहिल्या पावसात वाफ्यात गांडुळे वर आली की पोरे ती करवंटीत भरून पऱ्ह्यावर जातात. खाडीत जिवंत कोळंबी सर्वांत चांगली. तिला शेपटीकडून अशा बेताने ओवायची की ती मरू नये, पाण्यात पाय हलवीत राहावी. मेलेल्या कोळंबीला खेकडे आणि शिंगाळी येतील, जिताडा क्वचितच येईल. आणि जागा? ओहोट लागली की तिवरांतल्या चरांतून पाणी खाडीत उतरू लागते, त्याबरोबर कोळंबी उतरते. त्या चराच्या तोंडाशी, जिथे गढूळ पाणी आणि निवळ पाणी यांची रेघ दिसते, तिथे जिताडा उभा असतो. तिथे गळ सोडायचा, ओढायचा नाही. पाण्याने नेला तसा जाऊ द्यायचा.

इंग्रजांची गोष्ट आता. १७५५ साली मराठे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यावर मोहीम काढली, त्यात बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, आणि १७५६ च्या तहाने तो त्यांच्याकडेच राहिला. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. पश्चिम किनाऱ्याच्या मुख्य भूमीवर त्यांना मिळालेल्या अगदी पहिल्या जागांपैकी ही एक. पुढे पेशवाई गेली, सारा मुलूख त्यांचा झाला. राज्याबरोबर इंग्रजाने आपली मोजमापाची आणि नोंदीची सवयही आणली. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे तपासून १८३० च्या पुढच्या दशकात त्यांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि माशांना नावे देताना मराठी बोलीतलेच शब्द उचलले. आपल्या महाशीर माशाचे 'खुद्री' हे शास्त्रीय नाव त्यातलेच. जगभरचे पंडित आज तो शब्द उच्चारतात, तो मुळा-मुठेच्या काठच्या कोणा भोयाच्या तोंडचा.

दुसरा साहेब हेन्री सलिवन थॉमस. हा दक्षिण कानड्याचा कलेक्टर, गळाचा मोठा शौकी. त्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले. शौक बाजूला ठेवला तरी त्याचे एक निरीक्षण मोलाचे आहे. मासे कमी होतात ते गळाने नव्हे. डोहात विष कालवल्याने आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी पिलेच उचलल्याने होतात, असे त्याने सरकारला वारंवार कळवले. त्याच्या आणि फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाच्या खटपटीतून पुढे १८९७ चा मासेमारीचा कायदा झाला, आणि पाण्यात सुरुंग उडवणे व विष घालणे हा गुन्हा ठरला.

कायद्याला सव्वाशे वर्षे उलटली. पण उन्हाळ्यात नदीचे डोह आटत आले की काय होते, हे डोंगरातल्या गावांना सांगायला नको. पूर्वी गेळाची फळे नाही तर रामेठ्याची साल ठेचून टाकत, त्याने मासे गुंगून वर येत. आता शेतावर फवारायची औषधे टाकतात. एका रात्रीत डोह रिकामा होतो. मोठे मासे गोणीत जातात, आणि सकाळी पाण्यावर बोटाएवढी पिले पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात. तेच पाणी खालच्या वाडीतल्या बायका भरतात. याच सावित्रीच्या खोऱ्यात, महाड तालुक्यात वाळणकोंड आहे. तिथल्या डोहात देवीचे म्हणून महाशीर मासे राखलेले आहेत, कोणी त्यांना हात लावत नाही, उलट लोक त्यांना खाऊ घालतात. एकाच खोऱ्यातले हे दोन डोह.

आता त्या रबरी गांडुळाकडे येऊ. त्याचा जन्म १९४९ सालचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन म्हणून गाव आहे, मोटारींच्या टायरांसाठी प्रसिद्ध. तिथे निक क्रीम नावाच्या गृहस्थाने आणि त्याची पत्नी कॉस्मा हिने घरच्या स्वयंपाकघरात, चुलीवर, प्लॅस्टिकचे द्रव आणि तेल कढवून गांडुळाच्या साच्यात ओतले. थंड झाल्यावर जे निघाले ते खऱ्या गांडुळासारखेच मऊ आणि लिबलिबीत. तोवर नकली आमिषे असत ती लाकडाची, धातूची, पिसांची. मासा त्यांना तोंड लावी आणि कठीण लागताच थुंकून टाकी. हे मात्र तो तोंडात धरून ठेवू लागला.

पुढे तिकडे बास धरण्याच्या मोठमोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. १९६७ साली रे स्कॉट याने आर्कान्सॉ राज्यात त्यातली पहिली गाजलेली स्पर्धा भरवली, आणि १९७२ पासून धरलेला मासा वजन करून परत जिवंत सोडण्याची चाल त्याने पाडली. याचा एक गमतीदार परिणाम झाला. सुटलेला मासा शहाणा होतो. मोठे, चकाकणारे, खळखळणारे आमिष पुन्हा दिसले की तो हलत नाही. मग माणसालाच नमते घ्यावे लागले. आमिष लहान झाले, दोन-तीन इंचांवर आले. दोरी बारीक झाली, शिशाचे वजन चार-पाच ग्रॅमवर आले. गांडूळ पाण्यात सोडायचे, तळाशी जाऊ द्यायचे आणि तसेच पडू द्यायचे. मध्येच दोरीला इतकाच कंप द्यायचा की टोक जरासे थरथरावे. यालाच ते लोक नाजूक हाताची मासेमारी म्हणतात, आणि तीवर पुस्तकेच्या पुस्तके लिहितात.

आता सांगा, वेसवीचा म्हातारा याहून निराळे काय करतो?

जपानात या कलेने आणखी बारकावे मिळवले, कारण तिथे तळी थोडी आणि गळ फार. पण जपानची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे बास मुळात नव्हताच. १९२५ साली आकाबोशी नावाच्या धनिकाने अमेरिकेतून आणून आशी सरोवरात तो सोडला. हौशी लोकांनी तो तळ्यातळ्यांत पसरवला, आणि त्याने तिथले लहानसहान देशी मासे फस्त करायला सुरुवात केली. शेवटी २००५ साली सरकारला कायदा करून तो पाळणे, नेणे आणि सोडणे यांवर बंदी घालावी लागली. तेव्हा गांडूळ परदेशातून आले तर येऊ द्या, पण त्याच्यामागून मासा आणण्याचा मोह नको. आपल्या खाडीला तिचा स्वतःचा धनी आहे.

त्या धन्याविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जिताडा प्रथम नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की तो नर म्हणून वयात येतो, आणि पुढे सहा-आठ वर्षांच्या सुमारास बहुतेक नरांच्या माद्या होतात. म्हणजे खाडीतले मोठे, पाच-दहा किलोंच्या वरचे जिताडे पाहिलेत तर ते जवळजवळ सारे मादीच. पावसाळ्याच्या तोंडी त्या खाडीच्या मुखाशी उतरतात, लक्षावधी अंडी घालतात, आणि पिले भरतीबरोबर चरांत, खाजणांत, कधी भातखाचरांपर्यंत वर चढतात. अलिबाग-पेणकडच्या खारेपाटात ही पिले धरून घरामागच्या तळ्यात वाढवण्याची जुनी चाल आहे. तिकडे साहेबाकडचे काम अडले की जिताडा पोचवावा लागतो, असे थट्टेने म्हणतात. थट्टा किती आणि खरे किती, ते तिकडच्यांनी सांगावे. आता जिताड्याची पिले हॅचरीतही तयार होतात. थायलंडने १९७० नंतर ते साधले, आपल्याकडे चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली साधले. पण खाडीतला मासा खाडीच्याच माद्यांवर अवलंबून आहे.

जाळ्यात मासा आला की तो मेल्यातच जमा. जाळे निवड करीत नाही. गळाने एका वेळी एकच मासा येतो, तोही बहुधा जिवंत, आणि त्याच्याकडे पाहून ठरवता येते, हा न्यायचा की सोडायचा. नाजूक हाताच्या मासेमारीचे मला काही कौतुक असेल तर ते एवढ्यासाठी. घरच्या कालवणाला दोन किलोंचा जिताडा पुष्कळ झाला. दहा किलोंची मादी सोडून दिली तर काय जाते, असे मी म्हणेन, पण ज्याची चूल त्या माशावर आहे त्याला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. काठी-फिरकी घेऊन हौसेने आलेल्याला मात्र अवश्य सांगेन.

त्याच हौशी माणसाला आणखी एक. रबरी गांडूळ कुजत नाही. गळावरून निसटले, फाटले, की ते तळाशी पडून राहते आणि मासा ते गिळतो. २००९ साली अमेरिकेत एका जातीच्या ट्राउट माशांना टाकीत ठेवून अशी गांडुळे पुढे टाकली. माशांनी ती आपण होऊन खाल्ली, आणि त्यांचे वजन घटले. जिवंत कोळंबी निसटली तर खाडीची काही तक्रार नसते. फाटलेले गांडूळ डबीत परत ठेवायला किती वेळ लागतो? शिवाय आपली खाडी वर्षातले चार महिने गढूळ असते. त्या पाण्यात हे निश्चल गांडूळ माशाला दिसणारच नाही, तिथे पाय हलवणारी कोळंबीच हवी. थंडीत पाणी निवळते, मासा मंदावतो, तेव्हा लहान आणि संथ आमिषाला अर्थ आहे. म्हाताऱ्याला हे ठाऊक असते. तरुणाने त्याच्याशेजारी एक ओहोट बसून पाहावे, आणि आपली बारीक दोरी त्याला दाखवावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, सोमेश्वराच्या यादीतल्या कित्येक नावांचे मासे आज नेमके कोणते, यावर पंडितांना तर्कच करावा लागतो, कारण नावे राहिली आणि ती बोलणारी माणसे गेली. आपल्या मुलांना एक वही द्या. बाणकोट, वेसवी, म्हाप्रळ इथल्या वडीलधाऱ्यांकडून माशांची नावे, त्यांचे खाणे, त्यांचे महिने त्यांनी लिहून आणावेत. गणिताच्या तासालाही यातून एक उदाहरण मिळेल. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतात. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. खाडीत आत म्हाप्रळकडे जाल तसा थोडा उशीर धरायचा. म्हणजे पंचमीला वेसवीला ओहोट लागून चरांतले पाणी उतरू लागेपर्यंत पाच वाजतील, आणि शाळाही तेव्हाच सुटते.